आगबोटीवरची पंगत

खानदेशाला समुद्र नाही. तापी आपल्या दारावरून वाहते खरी, पण ती समुद्राला मिळते सुरतेच्या पलीकडे, डुमसजवळ. आणि तेथवर पोचेतो ती गुजरातची झालेली असते. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांपुढे आगबोटीवरच्या दिनक्रमाची गोष्ट काढणे कोणास थोडे आडवाटेचे वाटेल. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या बोंडाला एकाएकी विलायतेत भाव आला. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वेचा रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करीत पुढे गेला. त्या दिवसापासून मुंबईचा धक्का हा आपल्या बाजारपेठेचाच दूरचा एक कोपरा झाला. गाठोडी इकडून तिकडे जाऊ लागली आणि माणसे तिकडून इकडे येऊ लागली.

१ जून १९१२ रोजी पंजाबकडे जाणारी एक नवी गाडी मुंबईच्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटली. विलायतेच्या बोटीतून उतरलेली टपाल आणि उतरलेले साहेब लोक थेट उत्तरेस पेशावरापर्यंत न्यावयाचे, यासाठी ती गाडी होती. आज आपण जिला पंजाब मेल म्हणतो ती हीच. म्हणजे आपल्या मळ्यांतून आणि केळीच्या बागांतून शतकभरामागे जी गाडी धडधडत जात असे तिच्या डब्यांत दोन आठवडे समुद्रावर काढून आलेली माणसे बसलेली असत. ती माणसे त्या दोन आठवड्यांत काय करीत होती, काय खात होती, कोणाशेजारी बसत होती आणि त्यांना वाढणारे हात कोणाचे होते, हा आजचा आपला विषय आहे. आणि हल्ली 'क्रूझ' या नावाने जो समुद्रविहार लोकप्रिय होत आहे, ज्याच्या जाहिराती आपल्याही शहरांत झळकू लागल्या आहेत, त्याच्याशी या जुन्या प्रवासाचे नाते काय, हेही पाहावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे समुद्रप्रवासाची पहिली अडचण वादळाची नव्हती, जेवणाची होती. सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या सांगितल्या त्यांत सिंधुबंदी ही एक. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे का मानीत? त्याची शास्त्रार्थातील कारणे काहीही असोत, व्यवहारातील कारण स्वच्छ होते. बोटीवर सोवळे पाळता येत नाही. पाणी कोणी भरले, अन्न कोणी शिजवले, पंक्तीस कोण बसले, यांतले काहीच आपल्या हाती राहत नाही. घरापासून दूर गेलेला माणूस आपल्या पंगतीतून उठलेला माणूस असे. आणि परत आल्यावर त्याला पुन्हा त्या पंगतीत बसवून घ्यावयाचे की नाही, हे जात ठरवीत असे.

या अडचणीला कोण कसे सामोरे गेले हे पाहिले की त्या काळच्या बोटीवरचे जीवन डोळ्यांपुढे उभे राहते. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. म्हणजे जवळजवळ दोन महिने पाण्यावर आणि परक्या बंदरांत. बरोबर पती नाहीत, स्वभाषेचे माणूस नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. आहार शाकाहाराचा ठेवावयाचा आणि पोशाख आपला ठेवावयाचा, हा नेम घेऊन त्या निघाल्या. ज्या बोटीच्या स्वयंपाकघरात मांसाहार हाच नियम, तेथे असा नेम पाळणे म्हणजे रोज तीन वेळा परीक्षा देणे होय. बोट लागते तेव्हा भल्याभल्यांना अन्न नकोसे होते. येथे तर भूक असूनही ताटातले काय चालेल हा विचार करावयाचा.

दुसरे उदाहरण पाच वर्षांनंतरचे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा एक अठरा वर्षांचा विद्यार्थी मुंबईहून बॅरिस्टर होण्यासाठी निघाला. जातीच्या शेटजींनी त्याला निघण्यापूर्वीच वाळीत टाकले होते. पुढे आत्मचरित्रात गांधीजींनी लिहिले आहे की काटे-चमचे कसे धरावयाचे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून ते भोजनगृहात जातच नसत. घरून आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्ये बसून खात. सप्टेंबरअखेर ते इंग्लंडला पोचले. बॅरिस्टर होऊन परत आल्यावर बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि मग राजकोटात जातीला जेवण घातले. पंगतीतून उठलेला माणूस पुन्हा पंगतीत बसवण्याचा तो विधी होता.

तिसरे उदाहरण या दोहोंच्या अगदी उलट आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांस विलायतेस जावयाचे होते. धर्म तर सोडावयाचा नाही. महाराजांनी 'ऑलिंपिया' नावाची नवी कोरी आगबोट सबंधच्या सबंध भाड्याने घेतली. ती धुऊन शुद्ध करून घेतली, आत देवघर केले, आपले आचारी नेले, आणि गंगाजलाने भरलेले प्रचंड चांदीचे रांजण बरोबर घेतले. ते रांजण आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. आनंदीबाईंना आणि गांधीजींना बोटीपुढे आपले धैर्य उभे करावे लागले. महाराजांनी बोटच आपल्या पंगतीसारखी करून घेतली. हा फरक आपण लक्षात ठेवू या, कारण विषयाच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आता खुद्द बोटीकडे वळू. हिंदुस्थान आणि विलायत यांमधील या वाहतुकीत सर्वांत मोठे नाव पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे 'पी. अँड ओ.' कंपनीचे. सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याचे किंवा मिसर देशात उतरून जमिनीने जाण्याचे कारण उरले नाही. मुंबईहून एडन, तांबडा समुद्र, सुएझ, पोर्ट सैद, मग मार्सेय किंवा थेट इंग्लंड, असा मार्ग पक्का झाला. प्रारंभीच्या बोटींवर शीतगृह नव्हते. म्हणून कोंबड्या, मेंढ्या आणि दुधासाठी गायसुद्धा बोटीवर असे. पहाटे कोंबडा आरवला म्हणून जागे झालेला उतारू डोळे चोळून पाहतो तो चहूकडे पाणी!

दिवसाचा क्रम ठरलेला. सकाळी केबिनमध्ये चहा आणि फळ, त्याला 'छोटी हाजरी' हे आपल्याकडचेच नाव होते. मग न्याहारी, अकराच्या सुमारास सूप, दुपारचे 'टिफिन', चारचा चहा, आणि रात्री खास पोशाख करून जेवण. मधल्या वेळात डेकवर दोरीची कडी फेकण्याचा खेळ, जाळी बांधून क्रिकेट, चोवीस तासांत बोट किती मैल चालली यावर पैजा. रविवारी प्रार्थना, एखाद्या रात्री गाणेबजावणे, एखाद्या रात्री सोंगांचा नाच. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य होई, केबिनी भट्टीसारख्या तापत. मग गाद्या डेकवर आणून लोक उघड्यावर झोपत, पुरुष एका बाजूस आणि स्त्रिया दुसऱ्या. कोळसा भरण्याच्या बंदरात खिडक्या बंद करून घ्याव्या लागत, नाही तर कोळशाची भुकटी अंथरुणापर्यंत येई. पोर्ट सैदला 'सायमन आर्ट्झ'च्या दुकानातून नवखा साहेब सोला हॅट विकत घेई. ती डोक्यावर चढली की त्याचा हिंदुस्थान सुरू झाला.

भोजनगृहात जागा नेमून दिलेली असे. कप्तानाच्या टेबलावर कोण, दुसऱ्या टेबलावर कोण, हे हुद्दा आणि प्रतिष्ठा पाहून ठरे. आपल्या पंगतीत पाट कोणाचा कोठे, हे जातीवरून आणि मानपानावरून ठरे; तेथे ते हुद्द्यावरून आणि तिकिटावरून ठरे. साहेबाला आपली पंगत रानटी वाटे, पण त्याचीही एक पंगत होती, हे त्याच्या ध्यानात क्वचितच येई.

तरीही या दोन पंगतींत एक फरक होता आणि तो लहान नव्हता. तिकीट विकत घेता येते, जन्म विकत घेता येत नाही. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली मुंबईहून बोटीने निघाले आणि न्यूयॉर्कला पोचले. पुढे लंडन करून १९१७ साली ते परतले. त्यांनी आपल्या आठवणींच्या टिपणात लिहिले आहे की युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती पुन्हा जागी झाली ती कोठे? बडोद्यात पाय ठेवताना. आता उतरावयाचे कोठे, आपल्याला कोण घरात घेईल, हा प्रश्न तेथे त्यांच्यापुढे उभा राहिला. ज्याला सवर्ण समाज समुद्रापारची भ्रष्टता म्हणत होता ती एका माणसाच्या वाट्याला मोकळा श्वास म्हणून आली होती. सिंधुबंदीचा विचार करताना आपण बहुधा तिने कोणास अडवले एवढेच पाहतो. समुद्राने कोणास सोडवले हेही पाहिले पाहिजे.

दोन महायुद्धांच्या मधला काळ हा या बोटींचा वैभवाचा काळ. १९२९ साली 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ही १९,६४८ टनांची बोट मुंबईच्या मार्गावर आली. तिची यंत्रे विजेवर फिरत आणि आत पोहण्याचा तलाव होता; पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीत असा आतला तलाव प्रथमच आला. उतारू होते सातशेच्या आत. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेस जाताना डॉ. आंबेडकर याच बोटीने गेले. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, गांधीजी 'राजपुताना' बोटीने निघाले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी केबिनमध्ये लपून मिठाई खाणारा तो विद्यार्थी आता दुसऱ्या वर्गाच्या डेकवर उघड्यावर राहत होता, तेथेच सूत कातीत होता, तेथेच सायंप्रार्थना करीत होता, आणि इतर उतारू ती ऐकावयास येत होते. सहकाऱ्यांनी आणलेले अवाजवी सामान पाहून त्यांनी त्यातले बरेचसे एडनहून परत धाडले. ११ सप्टेंबरला ते मार्सेयला उतरले. म्हणजे चौदा दिवस लागले. काटा-चमचा धरता येत नाही म्हणून जो संकोचला होता त्याने बोटीला आपल्या पद्धतीची सवय लावली. आणि तीही सबंध बोट भाड्याने न घेता.

येथपर्यंत आपण वरच्या मजल्यावर होतो. आता खाली उतरू या. या बोटी चालवीत होते कोण? १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या वर हिंदी खलाशी होते. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा गुजरातच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे; भट्टीपाशी कोळसा ओतणारे 'आगवाले' पंजाब-सरहद्दीकडचे; आणि भोजनगृहात वाढणारे, केबिनी झाडणारे गोव्याचे ख्रिस्ती. त्यांचा मुखिया सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, स्वयंपाकाला भंडारी. गोव्याची माणसे भोजनगृहात का? कारण गोमांस किंवा डुकराचे मांस हाताळण्यास त्यांच्या धर्माची आडकाठी नव्हती. खाली प्रत्येक गटाचा स्वयंपाक निराळा चाले. वरच्या मजल्यावर हिंदी उतारूंची पंगत मोडत होती, आणि त्याच बोटीच्या पोटात ती जशीच्या तशी जपली जात होती. त्यात कंपनीचीही सोय होती. तिघांची भाषा निराळी, धर्म निराळा, चूल निराळी, तेव्हा तिघांनी एक होऊन काही मागावे हे कठीण.

वेतनही निराळे. त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशापेक्षा हिंदी खलाशाला कितीतरी कमी पगार मिळे, आणि झोपण्याची जागा कायद्यानेच त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी ठरवलेली होती. मुंबईला उतरल्यावर पुढची बोट मिळेपर्यंत गोव्याची माणसे धोबी तलावाच्या आसपासच्या आपापल्या गावांच्या 'कुडां'त राहत. एक पेटी, एक चटई आणि नोकरीची वाट. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी अनेक बंदरांत काम बंद पाडले आणि पगारवाढ मिळवली. वेगवेगळ्या चुलींवर जेवणारी माणसे शेवटी एका मागणीवर एकत्र आली, ही गोष्ट विलायतेच्या बोटीच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहावी अशी आहे. पण तो इतिहास बहुधा वरच्या मजल्यावरच्या लोकांनी लिहिला.

विलायतेच्या बोटीखेरीज आपल्या लोकांच्या नित्य परिचयाच्या आणखी दोन बोटी होत्या. एक हजची. मुंबईहून जिद्द्याला जाणाऱ्या बोटींत मोगल लाइनचे नाव मोठे. तिची मूळ कंपनी १८७७ साली निघाली. मुंबई हे हजच्या वाहतुकीचे मोठे बंदर, तेव्हा खानदेशातूनही हाजी रेल्वेने मुंबईस जात, मुसाफिरखान्यात उतरत आणि बोटीची वाट पाहत. जुन्या काळी डेकवरचा हाजी आपला शिधा आपण नेई आणि आपण शिजवी. गर्दी आणि हाल यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८६ साली सरकारने या वाहतुकीची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे सोपवली. मौज अशी की सहलींच्या धंद्याचा जो जनक समजला जातो त्याच घराण्याच्या कंपनीने काही वर्षे हाजींचीही तिकिटे काढली. १९९५ साली हजची बोट बंद झाली आणि सगळा प्रवास विमानाने होऊ लागला.

दुसरी कोकणची बोट. मुंबईच्या धक्क्यावरून निघून ती बंदरे घेत घेत गोव्यापर्यंत जाई. बंदरात धक्का नसे. पडावातून हेलकावे खात बोटीपर्यंत जावयाचे आणि मुलेबाळे, ट्रंका, आंब्याच्या करंड्या हातोहात वर चढवावयाच्या. खालच्या डेकवर घोंगडी पसरली की तेच घर. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना राहिला असता, रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती अवस अजून आठवतात. या बोटींवर ना भोजनगृहाची ऐट होती ना सूपाची वेळ. दशम्या आणि लोणचे शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडचे घ्यावयाचे, एवढाच तिथला शिष्टाचार. आम्हांस तर वाटते, जातिभेदाची पंगत मोडण्यास सुधारकांच्या सहभोजनांइतकीच या खालच्या डेकनेही मदत केली असेल.

मग हे सारे संपले कसे? ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली. चौदा दिवसांचा प्रवास एका दिवसाच्या आत आला. १९५०-६० च्या दशकांत आपले विद्यार्थी अजून अँकर लाइनच्या किंवा इटालियन बोटींनी जात होते, कारण ते स्वस्त पडे. पण अँकर लाइनची मुंबईची उतारू-वाहतूक १९६६ साली थांबली, १९६७ साली युद्धामुळे सुएझ बंद पडला तो १९७५ पर्यंत, आणि विलायतेची बोट हा शब्दप्रयोगच जुना झाला.

जहाजाचे मालक आता काय करणार? त्यांच्यापुढे एक जुना तोडगा होता. जर्मनीच्या हँबुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालिन यांस १८९१ साली एक प्रश्न पडला होता: हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नाहीत, मग बोट रिकामी का ठेवावी? त्यांनी 'ऑगुस्ता व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्रात नुसत्या सहलीसाठी पाठवली. १९०० साली खास सहलीसाठीच बांधलेली बोटही त्यांनी पाण्यात सोडली. कोठे पोचावयाचे नाही, फिरून परत यावयाचे, ही कल्पना अशी रिकाम्या खोल्यांतून जन्मली. विमानांनी बोटींचे पोचवण्याचे काम काढून घेतल्यावर याच कल्पनेने त्यांना जगवले. १९७० नंतर अमेरिकेतील मायामी बंदर या धंद्याचे माहेरघर झाले. पूर्वी कंपनी जाहिरात करी ती मुंबईची, सिडनीची, न्यूयॉर्कची. आता जाहिरात होऊ लागली ती बोटीचीच.

त्याबरोबर बोटीवरचे जीवनही पालटले. पहिला पालट आकाराचा. 'टायटॅनिक' १९१२ साली ४६,३२८ टनांची होती. १९८८ साली आलेली 'सॉव्हरिन ऑफ द सीज' ७३ हजार टनांची. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ अडीच लाख टनांची, वीस मजल्यांची. तिच्यात साडेसात हजार उतारू आणि वर २,३५० नोकर मावतात. दुसरा पालट जेवणाचा. नेमून दिलेले टेबल आणि नेमलेली वेळ गेली. ज्याने त्याने वाटेल तेव्हा, वाटेल तेथे, वाटेल ते खावे, अशी अनेक भोजनालये आली. तिसरा पालट खिडकीचा. समुद्र सर्वांनी मिळून डेकवरून पाहावयाचा, त्याऐवजी ज्याचा त्याने आपल्या खोलीच्या सज्जातून पाहावयाचा. चौथा पालट अधिक बोलका आहे. सहलीच्या बोटींनी जुने पहिला-दुसरा-तिसरा हे वर्ग काढून टाकले होते. तिकीट स्वस्त असो की महाग, तलाव आणि नाट्यगृह सर्वांना खुले. पण २००८ च्या सुमारापासून काही कंपन्यांनी बोटीच्या आत आणखी एक छोटी बोट बसवली: निराळे दार, निराळे भोजनगृह, निराळा तलाव, निराळा दर. दाराबाहेर घालवलेला पहिला वर्ग खिडकीतून परत आला. २०२४ साली जगभरात सुमारे साडेतीन कोटी लोकांनी असा समुद्रविहार केला.

मुंबईत ही हवा उशिरा आली. २०१८ साली 'आंग्रिया' मुंबई-गोवा अशी निघाली. कान्होजींचे नाव घेतलेली ती बोट फार वर्षे टिकली नाही. २०२१ साली 'कॉर्डेलिया' कंपनीची 'एम्प्रेस' आली, तीही १९९० साली फ्रान्समध्ये परक्या कंपनीसाठी बांधलेली जुनी बोट. २०२५ साली मुंबईत बॅलार्ड पिअरपाशी या विहारासाठी नवे मोठे स्थानक उघडले. ज्या धक्क्यावरून पंजाब मेल विलायतेचे उतारू घेऊन आपल्याकडे येत होती, त्याच परिसरात आता आपली माणसे रेल्वेने जाऊन बोटीत चढू लागली आहेत. आणि त्या बोटींच्या जाहिरातीत ठळक लिहिलेले असते: शाकाहारी भोजन, जैन भोजन. येथे आपल्याला जयपूरच्या महाराजांची आठवण होते. सबंध बोट भाड्याने घेऊन त्यांनी जे साधले ते आता तीन दिवसांच्या तिकिटात कोणालाही मिळते. उतारूने समुद्रासाठी काही सोडावयाचे, हे दिवस गेले. बोटच उतारूच्या पंगतीप्रमाणे होऊन येते.

हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. खानदेशातील एखाद्या आजीबाईंना आपले जेवण न मोडता समुद्र पाहावयास मिळत असेल तर त्यात आनंदच आहे. आनंदीबाईंनी जे सोसले ते कोणी हौसेने सोसावे, असे नाही. प्रश्न एवढाच आहे की जे न मोडता आपण जातो ते काय आहे? चवीची सवय आहे की शेजारी कोण बसला आहे ते न पाहण्याची सवय आहे? आनंदीबाई आपले ताट सांभाळून गेल्या, पण परक्या माणसांत वर्षानुवर्षे राहिल्या, त्यांच्याकडून वैद्यक शिकल्या. आपण ताटही सांभाळतो आणि माणसेही आपलीच नेतो. मग बोट फिरते, आपण मात्र जागचे हालत नाही.

आणि वाढणाऱ्या हातांचे काय? २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट साथीमुळे अडकली. तिच्यावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतील सातशेवर आजारी पडली. त्या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांतले उतारू किती? सहा. बाकीचे १३२ नोकरीवरचे. उतारूंना आपापल्या खोल्यांत राहण्यास सांगण्यात आले. ज्यांनी त्यांच्या दारापर्यंत जेवण नेऊन पोचवले ते नोकर खालच्या मजल्यांवर एकेका खोलीत दाटीने राहत होते. शंभर वर्षांत कायदे सुधारले आहेत. २०१३ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पण आठवड्याला बहात्तर तास म्हणजे किती, हे आपल्याकडच्या कामगाराला समजावून सांगण्याची जरूरी नाही. गोव्याची, कोकणची, मुंबईची तरुण मुले आजही महिनोन्‌महिन्यांच्या करारावर या बोटींवर जातात. सारंगाचा मॅनेजर झाला, भंडाऱ्याचा शेफ झाला. जिना मात्र तोच आहे.

बोटीचा इतिहास म्हणजे तिच्या यंत्रांचा किंवा तिच्या टनांचा इतिहास नव्हे, असे आम्हांस वाटते. तो कोण कोणाशेजारी जेवावयास बसला आणि कोणी वाढले, याचा इतिहास आहे. आपल्या पूर्वजांपैकी काहींनी समुद्रावर जाऊन आपली पंगत मोडली, काहींनी ती मोडल्याबद्दल शिक्षा भोगली, आणि काहींना समुद्राने जमिनीवर न मिळालेला मान दिला. ते सारे धैर्य आपल्याला आज तिकिटाबरोबर फुकट मिळाले आहे. आपल्यापैकी ज्यांना अशा सहलीचा योग येईल त्यांनी अवश्य जावे. मात्र जेवणाच्या टेबलावर एखाद्या अनोळखी माणसाशेजारी बसावे, आणि ताट आणून ठेवणाऱ्याला त्याचे नाव आणि गाव विचारावे. गाव कदाचित रत्नागिरीकडचे निघेल, कदाचित गोव्याचे, कदाचित फिलिपाइन्सचे. विलायतेच्या बोटीच्या इतिहासात ज्यांची नावे लिहावयाची राहून गेली, त्यांच्या यादीत निदान एका नावाची भर आपल्याकडून पडेल.